नवा शेतमाल प्रक्रिया उद्योग आणि प्रसिद्धीचे मोल

(प्रक्रिया उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्या शेतकरी गटांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्या शाखेचा अध्यापक आहे. पेरणीचे अंतर, खताची मात्रा, तणनियंत्रण, पाण्याच्या पाळ्या हे माझे नेहमीचे विषय. मग वर्तमानपत्रातील बातमी या विषयावर मी का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. याचे कारण आपणच आहात. पूर्वी व्याख्यान संपल्यावर शेतकरी विचारीत, "उत्पादन कसे वाढवावे?" आता विचारतात, "हळद पावडर तयार आहे, पण घेणार कोण?" गूळ, हळद, डाळी, बेदाणा, काजू, कोकम, ज्वारीचे पदार्थ अशा अनेक उद्योगांत आपले गट उतरत आहेत. यंत्रे येतात, शेड उभी राहते, उद्घाटन होते आणि माल गोदामात पडून राहतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून पिकाच्या व्यवस्थापनाइतकाच प्रसिद्धीच्या व्यवस्थापनाचाही विचार करणे आवश्यक झाले आहे.

बातमी आणि जाहिरात यांतील फरक

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. जाहिरातीसाठी आपण पैसे मोजतो. काय छापायचे ते आपण ठरवतो आणि वाचकालाही ते ठाऊक असते. "स्वतःच्या दह्याला कोण आंबट म्हणेल?" असे मनात म्हणून तो पान उलटतो. बातमी मात्र तिऱ्हाइताने लिहिलेली असते. वार्ताहर येतो, पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि त्याला जे महत्त्वाचे वाटते ते लिहितो. तिसऱ्या माणसाने सांगितले म्हणून वाचकाचा विश्वास बसतो. बातमीचे खरे मोल या विश्वासात आहे.

पण विश्वास मिळतो म्हणजेच ताबा सुटतो. बातमीत काय यावे, केव्हा यावे, कोणता मथळा असावा हे आपल्या हाती नसते. जाहिरात म्हणजे विहिरीचे पाणी, हवे तेव्हा उपसावे आणि त्याचा खर्च सोसावा. बातमी म्हणजे पाऊस. तो मागून मिळत नाही, पण आला तर शेत तयार असले पाहिजे.

प्रसारमाध्यमांचे बळ

या माध्यमांचे बळ शेतीला नवीन नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. १९६० च्या दशकात तामिळनाडूतील तंजावर भागात एडीटी-२७ हा भाताचा नवा वाण आला. त्याची माहिती शेतकऱ्यांना आकाशवाणीवरून मिळाली, म्हणून शेतकरी त्या वाणाला 'रेडिओ भात' म्हणू लागले. २६ जानेवारी १९६७ रोजी दूरदर्शनवर 'कृषी दर्शन' सुरू झाले. आपल्याकडे २००५ साली शेतीला वाहिलेले 'अॅग्रोवन' हे स्वतंत्र दैनिक निघाले. आज त्यात मोबाइलवरील चित्रफितींची भर पडली आहे.

रेडिओ भाताच्या उदाहरणात एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाव रेडिओने दिले, पण वाण शेतात उतरला तो त्याच्या गुणांवर. बियाणे निकृष्ट असते तर तेच नाव शिवी झाले असते.

लिज्जत पापडाचे उदाहरण

आता उद्योगाचे एक उदाहरण तपशिलाने पाहू. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल ऐंशी रुपयांचे, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. हाच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झाला.

आरंभी या महिलांपाशी जाहिरातीला पैसा नव्हता. त्यांचे नाव पसरले ते एकीने दुसरीला सांगितल्यामुळे आणि देशी भाषांतील वर्तमानपत्रांत आलेल्या मजकुरामुळे. या प्रसिद्धीचा पहिला लाभ कोणता झाला? नवीन सभासद मिळाले! दुसऱ्या वर्षी शंभर ते दीडशे महिला सामील झाल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांची संख्या तीनशेवर गेली. काम करणारे हात वाढले, म्हणून उत्पादन वाढू शकले.

पण याच कथेची दुसरी बाजू अधिक उद्बोधक आहे. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह ठेवायचा, असा उपाय केला. पावसातही पापड वाळू लागले. म्हणजे नाव पसरत असतानाच पुरवठ्यातील खंड त्यांनी बुजवला. दुसरी गोष्ट दर्जाची. आरंभी एक चांगल्या प्रतीचा आणि एक स्वस्त, अशा दोन प्रकारच्या पापडांचा विचार होता. छगनलाल पारेख यांनी त्यांना एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि दर्जात तडजोड न करण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी पाळला. 'लिज्जत' हे नावसुद्धा १९६२ साली स्पर्धा घेऊन ठरले, तिचे बक्षीस होते पाच रुपये. आज ज्यांना वाटते की आधी नाव, बोधचिन्ह आणि मोठा समारंभ, मग माल, त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. २०२१ साली संस्थापक महिलांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा देशभरातील माध्यमांनी बातम्या दिल्या. तोवर बासष्ट वर्षांचे काम झाले होते.

बातमीने काय साधते आणि काय साधत नाही

एका चांगल्या बातमीने नव्या उद्योगाला पुढील फायदे होतात.

१) अनोळखी ग्राहक पहिल्यांदा माल घेऊन पाहतो. घराघरांत जाऊन नमुने वाटण्याचा खर्च काही प्रमाणात वाचतो.

२) दुकानदार आणि वितरक भेट देतो. कात्रण दाखवले की बोलणे लवकर सुरू होते.

३) बँकेचे अधिकारी, शासकीय खाती आणि विद्यापीठ यांना गट असल्याचे कळते. कात्रणामुळे कर्ज मंजूर होत नाही. त्यासाठी ताळेबंद आणि प्रकल्प अहवालच लागतो. परंतु आपण कोण, हे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.

४) परिसरातील इतर शेतकरी कच्चा माल देण्यास किंवा सभासद होण्यास पुढे येतात. शेतकरी उत्पादक कंपनीच्या दृष्टीने हा फायदा सर्वांत मोठा आहे.

५) गटातील सभासदांचा, विशेषतः महिलांचा, आत्मविश्वास वाढतो आणि घरच्यांचा विरोध मावळतो.

बातमीने न साधणाऱ्या गोष्टीही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. बातमी पहिले पाकीट विकते, दुसरे पाकीट दर्जा विकतो. बातमीमुळे उत्पादन खर्च कमी होत नाही, उधारी वसूल होत नाही आणि सभासदांतील भांडण मिटत नाही. उलट ते भांडण चार गावांना कळते.

बातमीचाही वापसा असतो

जमिनीत वापसा नसताना पेरले तर बियाणे कुजते, वापसा उडाल्यावर पेरले तर ते उगवत नाही. प्रसिद्धीचेही तसेच आहे. अनेक गट यंत्राची पूजा झाली की त्याच दिवशी वार्ताहरांना बोलावतात. बातमी येते, दूरध्वनी येऊ लागतात आणि उत्तर द्यावे लागते, "अजून परवाना यायचा आहे, दोन महिन्यांनी फोन करा." दोन महिन्यांनी कोणीही फोन करीत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. बारा शेतकऱ्यांच्या गटाची क्षमता महिन्याला ६०० किलो हळद पावडर आहे. अर्ध्या किलोची १,२०० पाकिटे होतात. बातमी आली आणि २०० कुटुंबांनी प्रत्येकी दोन पाकिटे मागितली, ती झाली ४००. पाच दुकानदारांनी प्रत्येकी २०० पाकिटे मागितली, ती झाली १,०००. एकूण मागणी १,४०० पाकिटांची. म्हणजे पहिल्याच महिन्यात २०० पाकिटांचा तुटवडा. शिवाय दुकानदार महिन्याची उधारी मागतो. एका पाकिटाचा आपला खर्च ११० रुपये धरला तर १,००० पाकिटांचे १ लाख १० हजार रुपये अडकले. मग पुढच्या महिन्याची हळद कशातून घ्यायची? मागणी आली म्हणून अडचणीत आलो, असे म्हणण्याची वेळ येते. अशा वेळी बाहेरून मिळेल ती हळद दळून पाकिटे भरण्याचा मोह होतो आणि तेथेच नाव जाते.

म्हणून वार्ताहराला बोलावण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात.

- अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना हाती आला आहे.
- पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, तुकडी क्रमांक, शाकाहारी चिन्ह आणि तक्रारीसाठी संपर्क क्रमांक छापला आहे.
- मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घेतला आहे व अहवाल फाइलमध्ये आहे.
- किमान दीड महिन्याची मागणी भागेल इतका तयार किंवा कच्चा माल शिल्लक आहे.
- ओळखीच्या पंचवीस-तीस घरांनी माल वापरला आहे आणि त्यातील निम्म्यांनी तरी पैसे देऊन दुसऱ्यांदा घेतला आहे.
- दूरध्वनी कोण घेणार, माल कोण पोहोचवणार आणि उधारी किती द्यायची हे गटात ठरले आहे.

यातील पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. दुसऱ्यांदा विकत घेणारा ग्राहक म्हणजे वापसा आला असे समजावे.

बातमी कशी द्यावी

वार्ताहराला आपल्या उद्योगाचे कौतुक नको असते, त्याला वाचकाच्या उपयोगाचे काहीतरी हवे असते. "अमुक गटाच्या कारखान्याचे थाटात उद्घाटन" ही बातमी दोन ओळींची. "बाजारभाव पडल्यावर गावातील बारा शेतकऱ्यांनी हळद विकण्याऐवजी दळण्याचा मार्ग कसा काढला" ही बातमी अर्ध्या पानाची. तेव्हा आपल्या उद्योगात नवे काय, कोणती अडचण होती, ती कशी सोडवली आणि त्याचा इतरांना काय उपयोग, या चार प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत.

स्थानिक वैशिष्ट्य असल्यास त्याचा जरूर उल्लेख करावा. वायगाव हळद, आजरा घनसाळ तांदूळ, मंगळवेढा ज्वारी आणि जळगावचे भरीत वांगे यांना २०१६ साली, तर सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा भागातील गटाला सांगण्यासारखा इतिहास आयताच मिळतो. मात्र मानांकित नाव पाकिटावर वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती नसताना ते नाव बातमीत मिरवू नये.

प्रसिद्धिपत्रक एका पानापेक्षा मोठे नसावे. त्याचा नमुना असा :

शीर्षक : (गावाचे नाव) येथील शेतकरी गटाची हळद पावडर बाजारात.

पहिला परिच्छेद : कोणी, कोठे, केव्हापासून, काय सुरू केले. तीन वाक्ये पुरे.

दुसरा परिच्छेद : का सुरू केले. उदाहरणार्थ, काढणीच्या वेळी एकदम आवक होऊन भाव पडतो, म्हणून गटाने माल साठवून टप्प्याटप्प्याने दळण्याचे ठरवले.

तिसरा परिच्छेद : आकडे. सभासद किती, क्षेत्र किती, महिन्याची क्षमता किती, गुंतवणूक किती, त्यात कर्ज किती, रोजगार किती जणांना.

चौथा परिच्छेद : माल कोठे मिळेल, संपर्कासाठी एका जबाबदार व्यक्तीचे नाव व क्रमांक.

भाषा साधी ठेवावी. "क्रांतिकारी", "जगात प्रथमच", "एकमेवाद्वितीय" असे शब्द वार्ताहर प्रथम कापतो आणि त्याबरोबर आपल्यावरचा विश्वासही कापला जातो. सोबत दोन छायाचित्रे द्यावीत. हारतुऱ्यांचे छायाचित्र नको. हळद शिजवताना, पॉलिश करताना, पाकिटे भरताना, म्हणजे हात कामात असतानाचे छायाचित्र द्यावे. त्यात डोक्यावर टोपी आणि हातात मोजे असावेत. ग्राहक छायाचित्रातील स्वच्छताच प्रथम पाहतो.

आरंभ तालुक्याच्या वार्ताहरापासून करावा. तो जवळचा असतो, प्रत्यक्ष येऊन पाहू शकतो आणि पुढे जिल्हा आवृत्तीसाठी तोच लिहितो. शेतीविषयक दैनिके व मासिके यांना तांत्रिक तपशील अधिक हवा असतो, तेथे वाण, लागवड, उतारा, यंत्राची क्षमता हे सर्व द्यावे. आकाशवाणी केंद्राच्या शेतीविषयक विभागाला पत्र लिहावे. मुलाखतीसाठी गटातील सर्वांत हुद्देदार सभासद न पाठवता जो रोज कामावर असतो तो पाठवावा. महिला सभासद बोलल्यास फार चांगले. मोबाइलवर स्वतः चित्रफीत करणाऱ्यांनी ती तीन-चार मिनिटांची करावी आणि एका चित्रफितीत एकच गोष्ट सांगावी.

वेळही साधावी. हळदीची बातमी काढणी व शिजवणीच्या हंगामात, कोकमाची उन्हाळ्याच्या तोंडावर, तीळगुळाच्या पदार्थांची संक्रांतीपूर्वी तीन आठवडे. निवडणुकीच्या धामधुमीत किंवा अतिवृष्टीच्या दिवसांत आपल्या बातमीला जागा मिळत नाही आणि मागूही नये.

आकडा सांगताना

आता सर्वांत नाजूक मुद्दा. "एकरात लाखोंची कमाई" असे मथळे आपण वाचतो. असे आकडे बहुधा गटानेच दिलेले असतात आणि बहुधा ते उलाढालीचे असतात, नफ्याचे नसतात. पुन्हा गृहीत आकड्यांवर हिशेब करू.

एका एकरातून १०० क्विंटल ओली हळद मिळाली असे धरू. शिजवून, वाळवून, पॉलिश करून तिची सुमारे २० क्विंटल सुकी हळद होते. क्विंटलला १२,००० रुपये भाव धरला तर बाजार समितीत २ लाख ४० हजार रुपये आले असते. तीच हळद दळली. तूट पाच टक्के धरून १,९०० किलो पावडर झाली. किलोला २४० रुपये दराने ४ लाख ५६ हजार रुपये आले. मथळा तयार झाला : "एकरी साडेचार लाख!"

आता वजाबाकी करा. २ लाख ४० हजार तर दळली नसती तरी मिळालेच असते. दळण, पाकिटे, वाहतूक, दुकानदाराची कमिशन मिळून किलोला ७० रुपये धरले तर १ लाख ३३ हजार गेले. उरले ८३ हजार रुपये. त्यातून यंत्राचे व्याज, घसारा आणि न विकलेल्या पाकिटांचे नुकसान जायचे. प्रक्रियेने दिलेली खरी भर ही एवढी आहे. पिकाचा लागवड खर्च पहिल्या रकमेतून वेगळाच वजा होणार.

८३ हजार ही काही वाईट रक्कम नाही. उलट, ती खरी आहे म्हणून चांगली आहे. पण साडेचार लाखांचा मथळा वाचून शेजारच्या गावातील एखादा शेतकरी जमीन तारण ठेवून यंत्र घेईल, याचा विचार आकडा सांगणाऱ्याने केला पाहिजे. तोच शेतकरी उद्या आपला कच्चा माल पुरवणारा किंवा आपला सभासद होणार आहे.

प्रसिद्धीने झालेली हानी

हा धोका काल्पनिक नाही. व्हॅनिलाचे उदाहरण घ्या. २००० साली मादागास्करला चक्रीवादळाचा तडाखा बसला, जगातील पुरवठा घटला आणि २००३ च्या सुमारास प्रक्रिया केलेल्या व्हॅनिलाचा भाव किलोला ५०० डॉलरच्या आसपास पोहोचला. चढ्या भावाच्या बातम्या वाचून केरळ व कर्नाटकातील अनेकांनी वेली लावल्या, कोकणातही लागवडी झाल्या. व्हॅनिलाला फळ येईपर्यंत सुमारे तीन वर्षे लागतात. वेली फळावर आल्या तोवर भाव ५० डॉलरच्या खाली कोसळले होते. बातमी खोटी नव्हती. पण बातमी आजच्या भावाची होती आणि लागवड तीन वर्षांनंतरच्या भावासाठी होती.

इमू पालनाचे उदाहरण याहून कटू आहे. चित्रपट कलावंतांना घेऊन केलेल्या जाहिराती, पक्षी परत विकत घेण्याची हमी आणि दरमहा ठरावीक रक्कम यांना भुलून तामिळनाडूतील हजारो लोकांनी पैसे गुंतवले. ऑगस्ट २०१२ मध्ये इरोड जिल्ह्यातील पेरुंदुराई येथील व्यवहार कोसळला. पक्ष्यांना खाद्य घालायलाही पैसे उरले नाहीत. आपल्या राज्यातही इमू पाळणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही. मांस खाणारा, तेल घेणारा खरा ग्राहक किती आहे, हा प्रश्न कोणी वेळेवर विचारलाच नाही. सारा पैसा नव्या पाळणाऱ्यांना पिल्ले विकण्यातून येत होता.

तेव्हा वाचक म्हणून एक कसोटी लावावी. बातमीतील उद्योजकाचे उत्पन्न अंतिम ग्राहकाला माल विकून येते, की नव्या शेतकऱ्याला रोपे, पिल्ले, बेणे किंवा प्रशिक्षण विकून येते? दुसरे असेल तर सावध व्हावे. आपला उद्योग सुरू झाल्यावर हीच कसोटी स्वतःलाही लावावी.

कायद्याची मर्यादा

खोट्या दाव्यांना कायदा आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही तशीच तरतूद आहे. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे होतात असा दावा करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. "आमच्या गुळाने मधुमेह होत नाही", "आमच्या हळदीने कर्करोग बरा होतो" अशी वाक्ये पत्रकात, पाकिटावर किंवा चित्रफितीत कदापि घालू नयेत. "सेंद्रिय" हा शब्दही प्रमाणपत्र असेल तरच वापरावा. माल स्वच्छ आहे, भेसळ नाही, तपासणी अहवाल उपलब्ध आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे.

विकत मिळणारी प्रसिद्धी

उद्योगाचे नाव होऊ लागले की काही मंडळी भेटायला येतात. कोणी म्हणतो, इतके पैसे द्या, बातमी लावतो. कोणी म्हणतो, आपल्याला पुरस्कार जाहीर झाला आहे, समारंभाचे शुल्क तेवढे भरा. यापासून दूर राहावे. पैसे द्यायचेच असतील तर रीतसर जाहिरात द्यावी व पावती घ्यावी. विकत घेतलेली बातमी ही बातमी उरत नाही आणि विकत घेतलेला पुरस्कार भिंतीवर शोभला तरी माल खपवीत नाही. तेवढ्याच पैशांत शंभर घरांत पन्नास-पन्नास ग्रॅमचे नमुने जातात.

बातमी आल्यानंतर

पेरणी झाली म्हणजे काम संपले असे होत नाही. बातमी आल्यानंतरचे पंधरा दिवस आंतरमशागतीचे असतात.

एक नोंदवही ठेवावी. तीत तारीख, नाव, गाव, क्रमांक, मागणी, माहिती कोठून मिळाली आणि पुढे काय झाले असे रकाने आखावेत. दोन महिन्यांनी ती चाळली की कोणत्या वर्तमानपत्रातून, कोणत्या कार्यक्रमातून खरे गिऱ्हाईक आले ते कळते. बहुतेक चौकशा "आम्हालाही असा उद्योग करायचा आहे" अशा असतात. त्या उद्धटपणे तोडू नयेत, आठवड्यातील एक वार व वेळ त्यांना ठरवून द्यावी. नाहीतर सारा दिवस फोनवर जातो आणि चक्की बंद राहते.

माल संपला असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि कधी मिळेल ती तारीख द्यावी. तारीख पाळावी. बातमीत काही चूक छापली गेली असेल, विशेषतः आकडा मोठा झाला असेल, तर वार्ताहराला त्याच दिवशी नम्रपणे कळवावे. चूक आपल्या फायद्याची आहे म्हणून गप्प बसू नये.

कधी प्रतिकूल बातमीही येते. एखाद्या पाकिटात कीड निघते, कोणी तक्रार करतो. अशा वेळी फोन बंद करून बसणे हा सर्वांत वाईट उपाय. तुकडी क्रमांक पाहून तो माल परत बोलवावा, ग्राहकाचे पैसे द्यावेत, नमुना तपासावा आणि काय केले ते वार्ताहराला लेखी कळवावे. तुकडी क्रमांक व तपासणी अहवाल आधीपासून ठेवण्याचा सल्ला दिला तो याच दिवसासाठी.

शेवटी

बंधू-भगिनींनो, आजवर आपला माल आडतीत जाई आणि तेथेच आपले नाव संपे. सांगलीच्या हळदीचे नाव होते, हळद पिकवणाऱ्याचे नव्हते. पाकिटावर प्रथमच आपल्या गावाचे व गटाचे नाव छापले जात आहे. ही मोठी संधी आहे आणि तितकीच मोठी जबाबदारीही. आडतीत माल खराब निघाला तर भाव पडत असे, आता खराब निघाला तर नाव पडेल.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी माल, मग परवाना, मग दुसऱ्यांदा घेणारे पंचवीस ग्राहक आणि त्यानंतर बातमी. बातमीत खरा आकडा आणि बातमीनंतर दिलेल्या शब्दाची पूर्तता. आपापल्या गटाचे पत्रक एका कागदावर आजच लिहून काढा. ते लिहिताना जे रकाने रिकामे राहतील, ती आपली अपुरी कामे समजा. ती पूर्ण करा आणि मगच वार्ताहराला निमंत्रण द्या.